तापीकाठचे किल्ले आणि गढ्या: पहिल्यांदा खानदेश फिरणाऱ्यांसाठी

खानदेशात किल्ले बघायला निघताना सह्याद्रीची सवय घरी ठेवून यावं. इथे राजगड-तोरण्यासारखं नजरेत भरणारं काही समोर उभं राहत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. तिला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई येऊन मिळतात. उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. सगळा मुलूख सपाट, काळ्या मातीचा, केळी-कापसाचा. अशा मुलखात किल्ला उभा राहिला तो बहुतेक नदीच्या उतारावर, म्हणजे जिथून बैलगाड्यांचा तांडा पाणी ओलांडू शकतो तिथे, नाहीतर रस्ता डोंगरातून खाली उतरतो त्या खिंडीवर. हे एक सूत्र धरलं की खानदेश उलगडायला लागतो. नाहीतर पडक्या भिंती आणि बाभळीची झुडपं, एवढंच दिसतं.

आधी नकाशा, मग गाडी

पहिलं काम घरी बसून करायचं. नकाशावर सुरत आणि बऱ्हाणपूर या दोन गावांवर बोट ठेवा आणि मधली गावं वाचत जा: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा. मुघल काळात सुरतेच्या बंदरातून माल याच वाटेने आत जायचा. इंग्रज राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ साली सुरतेहून निघाला तो याच रस्त्याने बऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या दरबारात पोचला. आता दुसरी रेघ उभी ओढा, दख्खनेतून उत्तरेकडे जाणारी: मालेगाव, लळिंग, धुळे, सोनगीर, शिरपूर. हाच आजचा मुंबई-आग्रा महामार्ग. या दोन रेघा आणि नद्यांच्या निळ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे किंवा तिथून जवळच तुम्हाला किल्ला, गढी (म्हणजे तटबंदीचा वाडा), जुनी वेस, निदान पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड तरी सापडणार.

या मुलखावर दोनशेहून अधिक वर्षं फारुकी घराण्याने राज्य केलं. मलिक राजाने १३८२ च्या सुमारास थाळनेरला बस्तान बसवलं, त्याचा मुलगा नासीरखान याने अशीरगड घेतला आणि तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं. जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकी संपले. पुढे मुघल, मग मराठे, होळकर, पेशवे, आणि १८१८ ला इंग्रज. एवढा सांगाडा डोक्यात असला तरी पुरे. बाकीचं जागेवर कळतं.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. यात तडजोड नको. मार्चच्या मध्यानंतर खानदेशात ऊन भाजून काढतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि भुईकोटाच्या आत सावली म्हणून फक्त बुरुजाची अरुंद पट्टी असते. पावसाळ्यात लळिंगचा डोंगर हिरवागार होतो, कुरणातला धबधबा बघायला धुळेकरांची झुंबड उडते. पण नदीकाठच्या जागांचं नाव पावसाळ्यात काढू नका. काळी माती बुटांना अशी धरते की पाय उचलवत नाही. त्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे हतनूर धरण. त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि वर विदर्भात किंवा मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला की ते उघडले जातात. तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असताना तापी चढू शकते. भुसावळपासून खाली कुठेही काठाच्या पोटाशी उतरायचं असेल तर आधी गावात विचारा.

ऑक्टोबरमध्ये जायचा मोह होतो. तेव्हा गवत कमरेएवढं असतं, कुसळं पायमोज्यांतून आत शिरतात, आणि त्या गवतात पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत. गवत वाळून बसू द्या, मग निघा.

मुक्काम कुठे

पहिल्या खेपेला धुळं. लळिंग, सोनगीर, थाळनेर, भामेर आणि मुडावद, सगळं धुळ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहे. जळगाव-भुसावळकडून चांगदेव, यावल, पारोळा, अमळनेर सोयीचं. पाटणादेवी, कन्हेरगड आणि बहाळसाठी चाळीसगाव गाठावं. रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्ग लक्षात ठेवावा. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव ही स्टेशनं त्यावरच आहेत. गाडी नसेल तर एसटी सगळीकडे जाते, फक्त तिच्या वेळा तुमच्यासाठी नाहीत, शाळेच्या पोरांसाठी आणि बाजारासाठी ठरलेल्या असतात.

धुळ्यात उतरलात की किल्ल्यावर धावण्याआधी राजवाडे संशोधन मंडळात एक तास काढा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं आणि जुन्या मूर्ती-वस्तूंचं संग्रहालय तिथे आहे. मूर्ती जवळून पाहून ठेवल्या की पुढे एखाद्या गावच्या पारावर शेंदूर फासलेला दगड दिसल्यावर तो वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) आहे की सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा), हे तुमचं तुम्हाला ओळखता येतं. सुट्टीचे दिवस आधी फोनवर विचारून घ्या.

पहिला दिवस: लळिंग आणि सोनगीर

सुरुवात लळिंगपासून करा, कारण तो समजायला सोपा आहे. धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर महामार्गालगतच गाव आहे. गावात आधी जुनं हेमाडपंती महादेव मंदिर बघा, मग चढायला लागा. रमतगमत तासाभरात माथा येतो. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पडक्या तटाचे तुकडे, बुरूज, ललितामातेचं मंदिर. बघायला खूप आहे असं नाही. पण माथ्यावरून खाली बघा: डोंगराच्या कुशीतून जाणारा रस्ता, त्यावर मुंगीच्या रांगेसारखे ट्रक, आणि उत्तरेला पांझरेकाठचं धुळं. दख्खनेतून खानदेशात उतरणारा प्रत्येक माणूस इथून दिसायचा. किल्ला इथेच का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पायथ्याच्या लळिंग बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली मुक्कामी होते. ३१ जुलैला तिथे लोक अभिवादनाला जमतात. त्या दिवशी जाणार असाल तर रस्त्याला गर्दी असेल हे धरून चला.

टाक्यातलं पाणी पिऊ नका. माणशी तीन लिटर पाणी खालून न्यायचं, हिवाळ्यातसुद्धा. वर स्वच्छतागृह नाही, त्यामुळे बायकांनी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर किंवा बसस्थानकावर सोय बघूनच चढावं. वीकडेला वर चिटपाखरू नसतं. एकटंदुकटं जाण्यापेक्षा तिघं-चौघं बरी.

उतरून दुपारचं जेवण उरकलं की सोनगीर. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, त्याच महामार्गावर. टेकडी छोटी, चढ थोडा. वरची खोल विहीर नक्की बघा, पण काठावर वाकून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. तांबटांच्या हातोड्यांची ठोकठोक ऐकू आली तर दोन मिनिटं थांबा. रस्त्यावरच्या गावात कोणते धंदे टिकतात, याचाही अंदाज येतो.

दरवाजा कसा वाचायचा

पुढे जाण्याआधी थोडं थांबून हे शिकून घ्या, कारण नवखे लोक दरवाज्यातून सरळ आत जातात आणि किल्ल्यातली सगळ्यात बोलकी जागा मागे टाकतात.

कमानीखाली उभे राहा आणि पाठ एका बाजूच्या भिंतीला लावा. छातीच्या उंचीला भिंतीत चौकोनी भोक दिसेल. त्यात हात घाला. एका बाजूचं भोक हातभर खोल जातं, समोरचं जेमतेम वीतभर असतं. अडसराचं लाकूड खोल भोकात सरकवून ठेवलेलं असायचं. दार लावलं की ओढून समोरच्या भोकात बसवायचं. (हात घालण्याआधी मोबाइलचा उजेड टाका. विंचवालाही ती जागा आवडते.) मग खाली बघा: दाराचा खुंट ज्यात फिरायचा ती दगडी खळगी अजून गुळगुळीत असते. दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. आणि दरवाजाकडे येणारी वाट सरळ आहे की वळणाची ते बघा. वळण मुद्दाम दिलेलं असतं, हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून.

तटावर चर्या, म्हणजे माथ्यावरचे दाते, आणि त्यांच्याखाली जंग्या, म्हणजे बंदुकीने मारा करायची भोकं दिसतील. जंगीला डोळा लावा. जी सरळ समोर बघते ती लांबच्या शत्रूसाठी, जी तिरकी खाली उतरते ती तटाच्या पायाशी पोचलेल्यासाठी. खानदेशातल्या तटांत खाली दगड आणि वर भाजक्या विटा असा मेळ बरेचदा दिसतो. वीट पातळ आणि चपटी, चुन्यात बसवलेली. बाहेरून घडीव दगड आणि आत माती-मुरूम भरलेला. म्हणूनच एक इशारा: बाहेरचे दगड निसटले की पाणी आत मुरतं आणि भिंत पोट काढते. असं पोट काढलेल्या तटाखाली डबा सोडून बसायचं नाही आणि त्याच्या वरून चालायचं तर अजिबात नाही.

कमानीच्या आणि घुमटाच्या आत मान वर करून आग्या मोहोळ बघायची सवय लावून घ्या. असेल तर अत्तर, उदबत्ती, बिडी, आरडाओरडा, सगळं वर्ज्य. मुकाट्याने मागे फिरायचं.

दुसरा दिवस: थाळनेर

या भागात एकच जागा बघायला वेळ असेल तर मी थाळनेर सांगेन. आधीच सांगतो, निराश व्हाल. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव एके काळी अख्ख्या खानदेशाची राजधानी होतं, आणि आज किल्ला म्हणून उरलेत ते तटाचे आणि बुरुजांचे तुकडे. पण खानदेशचा सगळा इतिहास एका फर्लांगात बघायचा असेल तर दुसरी जागा नाही.

सकाळी आठच्या आत पोचा. आधी नदीवर जा. इथे तापी रुंद आहे, काठ उंच आणि कापलेला. पाण्याकडच्या बाजूचा तट नदीनेच पोखरला. जिथे काठ उभा कापला गेलाय तिथे दोन हात अंतर ठेवून नीट बघा: मातीत वरपासून खालपर्यंत विटांचे तुकडे, राखेचा करडा पट्टा, खापरं, मध्येच हाडाचा पांढरा ठिपका. एकावर एक वस्त्या बसल्या आणि नदीने त्यांचा उभा छेद घेऊन ठेवला. बघा, फोटो काढा, उकरू नका. एक खापर काढलं की वरचा वीतभर काठ सैल होतो.

मग किल्ल्याकडे वळा आणि २७ फेब्रुवारी १८१८ आठवा. महिदपूरला हरल्यावर होळकरांनी मंदसौरच्या तहात खानदेशातला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता. सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला आली, किल्लेदार तुळशीराम मामाने किल्ला सोडायला नकार दिला. तोफा चालल्या. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. पण आतल्या अरब शिबंदीशी, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांशी बोलणी चालू असताना, दिंडी दरवाज्यातून (मोठ्या दारातल्या छोट्या दारातून) आत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर त्यांनी हत्यार चालवलं. भाषा कळली नाही, अटी कळल्या नाहीत, की शरणागतीवर विश्वास बसला नाही, यावर नंतर बराच खल झाला. दोन अधिकारी मारले गेले. चिडलेल्या फौजेने आतली जवळजवळ सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापून काढली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला तिथेच फाशी दिलं. तुळशीराम मामा त्या मारामारीच्या वेळी आत नव्हताच. तो आधीच इंग्रजांच्या ताब्यात होता. या फाशीवरून पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले. आपल्याकडे मात्र किल्लेदाराचं नाव गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि हे मला खटकतं.

तिथून फारुकींच्या कबरींकडे. मलिक राजा, नासीरखान आणि त्यांच्यानंतरचे दोन सुलतान थाळनेरलाच दफन आहेत. घुमटांपैकी अष्टकोनी घुमट सगळ्यांत देखणा. त्याच्या भिंतींवरचे कोरीव पट्टे बघताना एखाद्या हेमाडपंती मंदिराची आठवण येईल, आणि ते साहजिक आहे, कारागीर याच मुलखातले असणार. सकाळचं तिरकं ऊन कोरीवकामावर पडतं तेव्हाच बारकावे उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं. आत जाताना चपला काढा.

आणि हो, थाळनेर म्हणजे लता मंगेशकरांचं आजोळ. गावात गेलात की कुणी ना कुणी हे तुम्हाला अभिमानाने सांगणारच, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा.

माणसांशी बोलणं

थाळनेर काय, बहादरपूर काय, गुगल नकाशा तुम्हाला गावापर्यंत आणतो आणि तिथे हात वर करतो. पुढचं काम पारावर बसलेल्या म्हाताऱ्याचं. गाडीच्या काचेतून हाक मारू नका. उतरा, "राम राम आबा" म्हणा, दोन घटका बसा, कुठून आलात ते सांगा, मग विचारा. किल्ला विचारून उत्तर आलं नाही तर गढी विचारा: "गढी कोठे शे, आबा?" मोडकी अहिराणी बोललात तर हसतील, पण एखादं पोरगं बरोबर देतील. यावल-रावेरकडे लेवा बोली आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याला पावरी-भिल्ली. तिथे साधी मराठी बरी.

पडक्या जागी फिरणाऱ्या परक्या माणसाबद्दल गावात एक संशय असतोच, की हा गुप्तधन शोधायला आलाय. संशय उगाच नाही, अनेक गढ्यांच्या जोत्यांना रात्रीत खड्डे पडलेले तुम्हालाही दिसतील. म्हणून फावडं, पहार, धातू शोधायचं यंत्र असलं काही गाडीतही ठेवू नका. जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्याने सरकारकडे कळवावा लागतो, आणि संरक्षित स्मारकावर खोदकाम हा थेट गुन्हा आहे. ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी.

दोंडाईचा भागातल्या रावलांच्या गढ्यांसारख्या जागा खाजगी आहेत. दारावर विचारल्याशिवाय आत पाऊल नाही.

पुढच्या खेपांसाठी

बोरी नदीचा एक दिवस करा. पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी बांधला. तो भर बाजारात आहे, त्यामुळे आधी बाहेरून संपूर्ण फेरी मारा, खंदकाची रेघ दुकानांच्या मागून शोधा, मग आत शिरा. त्याच तालुक्यातलं बहादरपूर आणि पुढे बोरीकाठचं अमळनेर, जिथे सखाराम महाराजांची समाधी नदीपात्रातच आहे. वैशाखातल्या यात्रेत गेलात तर किल्ला-वेस विसरा, यात्राच बघा.

साक्रीकडे गेलात तर निजामपूरजवळचं भामेर. गावात शिरतानाच जुन्या दरवाज्याचे कोरीव दगड दिसतात, आणि वर डोंगराच्या कड्यात ओळीने खोदलेल्या खोल्या. त्याच तालुक्यात बुराईकाठी बळसाणेचा मंदिरसमूह आहे.

संगमांचा छंद लागला तर मुडावदला पांझरा-तापीच्या संगमावर कपिलेश्वर, प्रकाशाला गोमाई-तापीवर जुनी मंदिरं (इथल्या टेकाडाचं १९५५ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती सापडली), आणि मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णा-तापीवर चांगदेव. चांगदेवचं मंदिर शिखराविना आहे, म्हणून नजर वर न जाता भिंतींवरच राहते. महाशिवरात्रीच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते.

चाळीसगावहून पाटणादेवी आणि कन्हेरगड गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत येतात. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि अंधाराच्या आत बाहेर पडा, बिबट्या आहे. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. शके ११२८ ची. मालेगावचा मोसमकाठचा भुईकोट आज नाशिक जिल्ह्यात असला तरी तो जुन्या खानदेशातलाच: नारोशंकरांनी १७४० साली बांधला, १८१८ च्या मे-जूनमध्ये त्याने इंग्रजांना जवळपास महिनाभर झुंजवलं. आत शाळा भरते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी किंवा शाळा सुटल्यावर विचारून जा.

बऱ्हाणपूर आणि अशीरगड आता मध्य प्रदेशात. त्यांना दोन पूर्ण दिवस हवेत आणि तेही शेवटी. तापीवर झुकलेला शाही किल्ला आणि त्यातल्या हमामाचं (स्नानगृहाचं) रंगीत छत आधी बघितलं तर थाळनेरचे तुकडे बघायला मन तयार होत नाही.

पोटाचं आणि परतीचं

हिवाळ्यात भरताची वांगी असतात. कळण्याची भाकरी, भरीत, कांदा, ठेचा मिळालं तर हॉटेलातलं पनीर कशाला? महामार्गावरच्या ढाब्यांवर शेवभाजी हमखास मिळते. तिखट कमी सांगितलं तरी ती तिखटच येते, ताक जोडीला मागवा. थाळनेर, बहादरपूर, भामेर या गावांत जेवणाचा भरवसा धरू नका, डबा बरोबर असू द्या.

एसटीने गेलात तर उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारा, आणि तीच गोष्ट स्टँडवरच्या चहावाल्यालाही विचारा. दोघांच्या वेळा वेगळ्या निघाल्या तर चहावाल्याची धरा.